अण्णा भाऊ साठे यांची लोकनाट्ये : एक पुनर्विचार

प्रस्तावना :
आयर्लंडमधील शॉन ओ'केसी (१८८०-१९६४) आणि महाराष्ट्रातील अण्णा भाऊ साठे (१९२०-१९६९) या दोन्ही नाटककारांनी श्रमिकांचे जीवन बाहेरून पाहिले नाही. ते स्वतः जगले. डब्लिनमध्ये हमाली व रेल्वेतील मजुरी करणारा ओ'केसी कामगार चळवळीतून नाटकाकडे वळला. वाटेगाव (जि. सांगली) येथे मातंग समाजात जन्मलेले अण्णा भाऊ शालेय शिक्षणापासून वंचित राहिले. मुंबईत त्यांनी गिरणीसह मिळेल ते काम केले आणि कम्युनिस्ट चळवळीत त्यांच्या लेखणीला दिशा मिळाली. तथापि 'फकिरा' या कादंबरीला १९६१ मध्ये राज्य पुरस्कार मिळाल्यानंतर अभ्यासकांचे लक्ष प्रामुख्याने कथा-कादंबऱ्यांवर केंद्रित झाले व लोकनाट्ये प्रचारसाहित्य म्हणून दुर्लक्षित राहिली. हा निकाल कितपत न्याय्य आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

लोकनाट्याची घडण :
१९४४ मध्ये अमर शेख व द. ना. गवाणकर यांच्यासमवेत अण्णा भाऊंनी लाल बावटा कलापथक उभे केले. 'अकलेची गोष्ट', 'देशभक्त घोटाळे', 'शेटजींचे इलेक्शन', 'माझी मुंबई' ही त्यांची गाजलेली लोकनाट्ये होत. त्यांनी तमाशाचा साचा स्वीकारला, पण आशय बदलला. गणातील गणेशवंदनाच्या जागी मातृभूमीचे वंदन आले आणि गौळण वगळण्यात आली. सोंगाड्याची हजरजबाबी थट्टा मात्र कायम राहिली; तिचा रोख सावकार, शेटजी आणि ढोंगी पुढारी यांच्याकडे वळला. 'माझी मुंबई'त मुंबई कोणाची, हा राजकीय प्रश्न कामगाराच्या बोलीतून उभा राहतो. शासनाने या कलापथकावर घातलेली बंदी ही त्याच्या परिणामकारकतेची अप्रत्यक्ष साक्षच होय.

साम्य आणि भेद :
ओ'केसीच्या पाठीशी अ‍ॅबी थिएटरसारखी स्थिर रंगभूमी होती. अण्णा भाऊंना चाळींमधील मोकळी जागा व सभांची मैदाने हीच रंगभूमी होती. त्यामुळे त्यांची छापील संहिता हा प्रयोगाचा केवळ सांगाडा आहे. ढोलकी, पोवाडा व प्रेक्षकांचा प्रतिसाद वगळून तिचे मूल्यमापन केल्यास पात्रे एकसुरी वाटणे अपरिहार्य आहे.

तरीही एक मर्यादा मान्य करावी लागते. ओ'केसीने 'द प्लाऊ अँड द स्टार्स' (१९२६) मध्ये राष्ट्रवादी वीरवृत्तीचीच चिकित्सा केली आणि प्रेक्षकांचा क्षोभ ओढवून घेतला. अण्णा भाऊंच्या लोकनाट्यात शोषकाची चिकित्सा जितकी धारदार आहे, तितकी चळवळीच्या अंतर्गत विसंगतींची नाही. गौळण वगळल्याने शृंगाराचा बाजार टळला, हे खरे. परंतु पुरुषाला अडवून प्रत्युत्तर देणाऱ्या स्त्रीच्या आवाजाची परंपरागत जागाही त्याबरोबर आक्रसली. तो अवकाश त्यांच्या कथा-कादंबऱ्यांतील बाणेदार स्त्रियांनी भरून काढला, असे म्हणता येईल.

झाडीपट्टीच्या संदर्भात :
हा पुनर्विचार गोंदिया जिल्ह्यात विशेष अर्थपूर्ण ठरतो. धानकापणीनंतर मंडईच्या निमित्ताने येथे दंडार व खडी गंमत सादर होते. संहितेपेक्षा उत्स्फूर्त संवादावर उभा राहणारा हा प्रयोग येथील विद्यार्थ्याने लहानपणापासून पाहिलेला असतो. लोकनाट्य समजून घेण्याची पात्रता त्याच्याकडे आधीच आहे. वर्गातील अध्यापनाने ती उपयोगात आणली पाहिजे.

निष्कर्ष :
अण्णा भाऊंच्या लोकनाट्यांना प्रचारकी ठरवणारी समीक्षा मूलतः वाचनाच्या निकषावर आधारलेली आहे. त्यांचे खरे मूल्य प्रयोगात आहे. म्हणून महाविद्यालयांनी या संहितांवर केवळ टिपा न लिहविता त्यांचे प्रयोग घडवून आणावेत. तसे न झाल्यास जयंतीच्या मिरवणुकीत अण्णा भाऊंची प्रतिमा राहील, पण त्यांच्यातील नाटककार विस्मरणात जाईल.