जात्यावरील हितगुज

ओवीचें कौतुक आमच्या शिष्टवर्गांत माहेरच्या गोडव्यापुरतेंच होतें, हें आम्हांस खटकतें. हेमा राईरकर व गी पॉइटविन यांच्या संग्रहांत १ लाखाहून अधिक ओव्या आहेत. बीड जिल्ह्यांतील माजलगांवीं १९९६ सालीं ध्वनिमुद्रित झालेल्या ओव्याहि त्यांतच. तेथील स्त्रियांनीं तर बाबासाहेब आंबेडकरांसहि जात्यापाशीं आणिलें आहे! मात्र ओव्या विषयवार लावल्या कीं एक गोष्ट हरपते. मनाची उदासी तेथें सुटी येत नाहीं; दळण, लेंकराचा ताप, भावाचा निरोप यांच्या ओघांतच ती हळूच बाहेर पडते, आणि खुंट्यास हात लावणारी सखी उपदेश न करतां पुढली ओवी जोडते. निदान एखाद्या बैठकीच्या ओव्या तरी गाणारणींच्या क्रमानेंच छापाव्या, असा आमचा आग्रह आहे.