मुखपृष्ठावरच थांबलेलं चित्र

मोठ्या माणसांसाठी मुळातच मराठीत रचलेली, भागाभागांनी निघणारी आणि चौकटींतूनच पुढे सरकणारी चित्रकादंबरी आपल्याकडे रुजली नाही. जगात या प्रकाराला ग्राफिक नॉव्हेल म्हणतात. ती इथे का रुजली नाही, याचं ठरलेलं उत्तर असं की मराठी वाचक चित्रकथेला पोरखेळ समजतो. हे उत्तर मला पटत नाही. दोष वाचकाच्या माथी मारला की प्रकाशक आणि संपादक मोकळे होतात, एवढाच त्याचा उपयोग.

वाचक होता आणि भरपूर होता. बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या. गुरुनाथ नाईकांच्या कादंबऱ्या बाराशेच्या घरात जातात. एवढी पुस्तकं केवळ पुण्या-मुंबईने वाचून संपवलेली नाहीत. ती एसटी स्टँडवर विकली गेली, भाड्याच्या वाचनालयांत झिजली आणि आमच्या डोंगरकड्यासारख्या गावांतून हातोहात फिरत, पानं सुटेपर्यंत वाचली गेली. कळमनुरी तालुक्यातलं, नांदेड-हिंगोली रस्त्यावरचं, केळी-हळदीचं हे गाव. नवी कादंबरी घ्यायची तर इथल्या माणसाला नांदेड गाठावं लागतं. तरी काळापहाड आणि कॅप्टन दीप ही त्यांच्या नायकांची नावं अशा गावांत कुणाला समजावून सांगावी लागली नाहीत.

अर्नाळकरांच्या पुस्तकांवर रघुवीर मुळगावकरांची मुखपृष्ठं असत. ती पाहूनच माणूस पुस्तक उचलायचा. पण पान उलटलं की चित्र संपायचं आणि पुढे निव्वळ मजकूर. मराठी रहस्यकथेतलं चित्र असं दारातच उभं राहिलं, त्याला कुणी आत बोलावलं नाही. आणि हे कुठे, तर जिथे ठाकर समाजाचे चित्रकथी चित्रांची पोथी समोर धरून, एकामागून एक पान दाखवत रात्रभर कथा सांगत त्या महाराष्ट्रात. कुडाळजवळच्या पिंगुळीत ही कला अजून जिवंत आहे. तिथल्या परशुराम गंगावणे यांना 2021 साली पद्मश्री मिळाली. आमच्या मराठवाड्यातल्या पैठणच्या नावाने ओळखली जाणारी चित्रंही याच घराण्यातली.

चित्रकारांची तर कधीच वाण नव्हती. 1967 साली अनंत पै यांनी अमर चित्र कथा सुरू केली, तिचा ‘कृष्ण’ राम वाईरकरांनी रेखाटला. प्रताप मुळीक पुण्यात राहून अमर चित्र कथेचे अंक काढत होते आणि 1986 साली राज कॉमिक्सचा नागराज पहिल्यांदा कागदावर उभा केला तोही त्यांनीच. दिलीप कदमांचा हातही याच तालमीत तयार झालेला. मुळीकांच्या चौकटीत माणूस नुसता उभा असला तरी त्याच्या खांद्यांतला ताण दिसतो. हिंदी वाचणाऱ्या पोरांची एक अख्खी पिढी या मराठी हातांच्या रेषेवर वाढली. याचा मला अभिमान वाटतो आणि वाईटही वाटतं, कारण त्याच हातांना त्यांच्या स्वतःच्या भाषेने अशी एकही दीर्घ कथा दिली नाही.

अशा कथेच्या जवळ आलेला प्रयत्न एकच, बहादूर. टाइम्स ऑफ इंडिया समूहाचं इंद्रजाल कॉमिक्स 1964 साली मुंबईतून निघालं. ते मराठीतही यायचं आणि वेताळ त्यातूनच घरोघरी पोचला. 1976 साली आबिद सुरतींनी त्यात बहादूर आणला, चित्रं गोविंद ब्राह्मणियांची. डाकूचा मुलगा, बापाच्या सुडाने पेटलेला आणि पुढे गावोगावच्या रक्षणासाठी नागरिकांचं दल उभारणारा. अंगात भगवा कुर्ता, खाली जीन्स. सोबत बेला, जी सुटकेची वाट पाहत बसत नाही, स्वतः लढते. प्रेम, दोस्ती आणि गुन्हा इथे प्रथमच आपल्या मातीच्या रंगात एकत्र आले. पण बहादूर आणि बेला यांच्यात काही बदलत नाही. अंक संपला की दोघं होती तिथेच. डाकू येतात आणि जातात. त्या गुन्ह्याचा ओरखडा त्यांच्या नात्यावर उमटत नाही. सुरतींकडे त्याहून मोठी गोष्ट होती असं मला नेहमी वाटतं, पण ठरावीक पानांच्या अंकात ती मावणार कशी? 1990 साली इंद्रजालच बंद झालं.

बहादूरला न मिळालेली लांबी दुसरीकडे मिळाली. अमेरिकेत टेरी मूर यांनी 1993 ते 2007 अशी चौदा वर्षं ‘स्ट्रेंजर्स इन पॅराडाइज’ ही मालिका चालवली. कॅचू, फ्रान्सीन आणि डेव्हिड ही तीन माणसं. कॅचूचं फ्रान्सीनवर प्रेम, डेव्हिडचं कॅचूवर, आणि या सगळ्यावर कॅचूच्या टोळीतल्या जुन्या दिवसांची सावली. इथे गुन्हा बाहेरून येत नाही. तो मैत्रीच्या पोटातच असतो, म्हणून प्रत्येक भांडणात जिवाची भीती असते. माणसं थकतात, जाड होतात, दूर जातात. मुख्य म्हणजे मालिका काळ्या-पांढऱ्या शाईत निघाली आणि बराच काळ मूर यांनी ती घरच्याच प्रकाशनातून काढली. रंगीत छपाई परवडत नाही, ही आपली सबब त्यापुढे टिकत नाही.

आपल्याकडचं चांगलं काम इंग्रजीत गेलं. अमृता पाटील यांची ‘कारी’ (2008) ही मला भारतातल्या उत्तम चित्रकादंबऱ्यांपैकी एक वाटते. दोन मुलींचं प्रेम, मरणाला टेकलेली मैत्रीण आणि धुराने काळवंडलेली मुंबई, हे सगळं तिच्यात श्वास घेतं. चकमकफेम पोलिसांवरची ‘मुंबई कॉन्फिडेन्शियल’ (2013) सौरव मोहपात्रा यांनी लिहिली, विवेक शिंदे यांनी काढली आणि छापली अमेरिकी प्रकाशनाने. तिची चित्रं कथेपेक्षा सरस आहेत. बाबासाहेबांवरचं ‘भीमायन’ आणि जोतीरावांच्या ‘गुलामगिरी’वरचं ‘अ गार्डनर इन द वेस्टलँड’ ही दोन्ही 2011 ची पुस्तकं नवयानने इंग्रजीत काढली. विषय आपला, शहरं आपली आणि माणसंही आपलीच. संवादांच्या फुग्यांतली भाषा तेवढी परकी.

मराठी गावातलं प्रेम, दोस्ती आणि रक्तपात लोकांना भिडत नाही, असं म्हणायची सोय नागराज मंजुळे यांच्या ‘सैराट’ने 2016 सालीच संपवली. आर्ची-परशा इतकेच परशाचे दोस्त लंगड्या आणि सल्या लोकांना आठवतात, कारण गुन्ह्याची किंमत त्या दोस्तीनेही मोजली. सिनेमाला जे कळलं ते छापील पानाला अजून कळलेलं नाही.

खरी अडचण पैशाची आणि मानाची आहे. चौकटी आखायच्या, पेन्सिल, शाई, मग अक्षरं. एक पान नीट उभं करायला एक-दोन दिवस सहज जातात. म्हणजे दीडशे पानांना वर्ष लागणार. आपल्याकडे चित्रकाराला नगावर पैसे मिळतात आणि नाव श्रेयनामावलीत बारीक अक्षरांत छापतात. या हिशोबात कुठला तरुण वर्षभर एका कथेला बांधून घेईल? 1991 पासून ‘सकाळ’मधून चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांच्या चित्रपट्टीतला ‘चिंटू’ घराघरात गेला, कारण त्याला रोजची हक्काची जागा मिळाली. जागा मिळाली की कला तग धरते.

कथा तर इथे दारात पडल्या आहेत. केळीचा माल ट्रकमध्ये चढताना भावावरून होणारी फसवणूक, बांधावरून सुरू होऊन कोर्टात वर्षानुवर्षं चालणारी भांडणं, नांदेडला शिकायला गेलेली पोरगी, तिच्या गावातल्या मित्राची सावकारीत अडकलेली मान. आणि फुग्यांत ‘कामून’ विचारणारी आमची बोली, जी छापील मराठीत विनोदापुरतीच येते.

म्हणून दिवाळी अंकांच्या संपादकांना माझी विनंती आहे. यंदा एका लेखकाला आणि एका चित्रकाराला सोळा काळी-पांढरी पानं द्या. पुढच्या वर्षी त्याच जोडीला, त्याच कथेसाठी पुन्हा सोळा द्या. दोघांना सारखं मानधन द्या आणि दोघांची नावं एकाच आकारात छापा.