वावर कुणाचं, हा प्रश्न फॉर्ममध्ये नाही

पोटगीच्या अर्जांत हल्ली 'रजनेश विरुद्ध नेहा' या निकालाचा हवाला हमखास असतो. सर्वोच्च न्यायालयाचा हा निकाल 4 नोव्हेंबर 2020चा. मूळ प्रकरण मात्र आमच्या नांदगाव पेठेवरून जाणारा हमरस्ता जिथे नेतो, त्या नागपूरच्या कौटुंबिक न्यायालयातलं. बायकोचा अर्ज 2013चा. 2015मध्ये तिला दरमहा 15,000 रुपये अंतरिम पोटगी मंजूर झाली, 2018मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं ती कायम ठेवली, आणि नवरा दिल्लीला गेला. खटला चालू असताना चूल पेटती राहावी म्हणून द्यायची ही रक्कम. तिच्यावरच सात वर्षं गेली.

न्या. इंदू मल्होत्रा आणि न्या. सुभाष रेड्डी यांनी हे दुखणं नीट ओळखलं. पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यायची, आणि दोघांनीही आपली मिळकत, मालमत्ता व कर्जं प्रतिज्ञापत्रावर उघड करायची, असं त्यांनी देशभरासाठी ठरवून दिलं. त्याचे नमुने निकालालाच जोडले आहेत. नोकरदार-व्यावसायिकांचा वेगळा, शेतकऱ्यांचा वेगळा. माझ्या मते निकालाचा खरा कस या दुसऱ्या नमुन्यात लागतो.

तो नमुना निष्काळजीपणे केलेला नाही. जमीन किती, त्यात तुमचा हिस्सा किती, कोरडवाहू की ओलिताची, पिकं कोणती, गेल्या तीन वर्षांत उत्पन्न किती, बटईनं जमीन घेतली आहे का, गाई-म्हशी-शेळ्या किती, हे सगळं तो विचारतो. पुराव्याला 'जमाबंदी' मागतो. आपल्याकडे त्याजागी सातबारा समजायचा.

पण वऱ्हाडात सातबारा बहुतेक वेळा सासऱ्याच्या नावावर असतो. वाटणी झालेली नसते. नवरा लिहितो, 'माझ्या नावे जमीन नाही, वडिलांना शेतीत मदत करतो.' हे खोटंही नसतं. आणि त्याच वावरात दहा वर्षं निंदण केलेल्या, कापूस वेचलेल्या बाईनं काय लिहायचं? तिच्या राबण्याला नमुन्यात रकानाच नाही. मी पोटासाठी सॉफ्टवेअर लिहितो, म्हणून हे चटकन खुपतं. रकाना नसला की माहिती कुणाला दडवावी लागत नाही. ती मुळात गोळाच होत नाही.

हा दोष एकट्या निकालाचा नाही. हिंदू विवाह कायद्याच्या कलम 25 खाली कायमची पोटगी ठरते, गरज पडल्यास समोरच्याच्या स्थावर मालमत्तेवर तिचा बोजाही चढवता येतो. पण मालमत्तेची वाटणी म्हणाल, तर कलम 27 फक्त लग्नात किंवा लग्नाच्या सुमारास मिळालेल्या, दोघांच्या सामाईक वस्तूंपुरतं बोलतं. संसारात वाढलेल्या इस्टेटीबद्दल कायदा गप्प आहे. म्हणून न्यायालय बाईची गरज मोजतं, हक्क मोजत नाही.

दुसरी रीत फार लांब नाही. गोव्यात 1867च्या पोर्तुगीज नागरी संहितेनुसार, लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर दोघांची मालमत्ता सामाईक होते आणि निम्मी बायकोची असते. घटस्फोटात तिला मागायचं नसतं, आपलं वेगळं काढून घ्यायचं असतं. उरलेल्या देशात नवऱ्याच्या स्थावर मालमत्तेत बायकोला वाटा देऊ पाहणारं विधेयक 2013मध्ये राज्यसभेत मंजूर झालं आणि 2014मध्ये लोकसभेच्या मुदतीबरोबर बारगळलं.

आमच्याकडे तर हा प्रश्न कोर्टाआधी बांधावर विचारला गेला होता. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेची लक्ष्मीमुक्ती मोहीम हेच सांगत होती, की जमिनीचा तुकडा बायकोच्या नावावर करा. ते तिच्यावर उपकार नाहीत, तिच्या कष्टाचं देणं आहे. सातबाऱ्यावरचं ते नाव घटस्फोटाच्या दिवशी कोणत्याही प्रतिज्ञापत्रापेक्षा जास्त कामाचं ठरलं असतं.

नवा मालमत्ता हक्क देणं हे संसदेचं काम, हे मान्य. पण फॉर्म न्यायालयानंच लिहिला आहे. 'या शेतात तुम्ही किती वर्षं, कोणतं काम केलं?' हा एक प्रश्न घालायला संसदेची वाट पाहावी लागत नाही. पोटगीचा आकडा ठरवताना निदान ते उत्तर न्यायाधीशांपुढे कागदावर असेल.