ख्रिस्तपुराणाचा श्रोता व बाप्तिस्म्याचें स्थान

फादर टॉमस स्टीफन्सकृत ख्रिस्तपुराणाच्या भाषेची वाखाणणी पुष्कळ झाली. परंतु हा ग्रंथ कोणासाठीं रचला, या प्रश्नाकडे बहुतेकांनीं डोळेझांक केली आहे. हिंदूंना ओढण्याकरितां पुराणाचा वेष घेतलेला ग्रंथ, असें सरसकट म्हटलें जातें. ग्रंथारंभ लक्षपूर्वक वाचणारास हें मत पटणार नाहीं.

साष्टींतील देवळांत पाद्री धर्मशिक्षण देत असतां एक ब्राह्मण विचारतो कीं, जुनीं पुराणें आपण बंद केलीं, तर त्यांच्या जागीं दुसरें कांहीं कां देत नाहीं ? हें गाऱ्हाणें बाप्तिस्मा झालेल्यांच्या वतीनें आहे. पाणी पडून गेलें होतें. कान मात्र उपाशी राहिले होते. सुमारें ११,००० ओव्या त्या भुकेसाठीं रचिल्या गेल्या व १६१६ त रायतूर येथें छापल्या. मूर्तिपूजेवरील त्यांतील टीकाही, आमच्या मतें, पलीकडच्यांस आणण्यापेक्षां आलेल्यांस मागें फिरूं न देण्यासाठींच आहे.

म्हणजे येथें संस्कार आधीं, उपदेश मागून. आमच्याकडील उपनयनासारखाच हा क्रम : मुंज लागते, मग अध्ययन. एकोणिसाव्या शतकांतील प्रॉटेस्टंट मिशनांत तो उलटला. बाबा पदमनजी (बाप्तिस्मा १८५४) किंवा ना. वा. टिळक (१८९५) यांनीं आधीं वाचलें, वाद केला, मग पाणी घेतलें. तें समावर्तनाचें स्नान होय. त्याच टिळकांनीं १९१७ त ‘देवाचा दरबार’ काढून बाप्तिस्मा न घेतलेल्यांसही त्यांत जागा ठेविली. स्वतः पौलही करिंथकरांस कळवितो कीं, आपणास बाप्तिस्मा देण्यास नव्हे, तर सुवार्ता सांगण्यास पाठविलें आहे. पण मत्तयाच्या शेवटीं येशूची आज्ञा दोन्ही गोष्टींची आहे. ही ओढाताण मूळ ग्रंथांतच आहे. ती साष्टींत उपजली नाहीं.

जातीचा हिशेब याहून निराळा. १८४३ त मुंबईस श्रीपत शेषाद्रि या मुलाचा बाप्तिस्मा झालाच नव्हता. न्यायालयानें त्यास बापाच्या हवालीं केलें. तरी मिशनऱ्यांकडे तो राहिला-जेवला होता एवढ्यावर वाद पेटला, आणि त्यास शुद्ध करून घ्यावें म्हणून बाळशास्त्री जांभेकरांस झगडावें लागलें. पाद्री पाण्यास मोजीत, पंडित अन्नास.

आतां शब्दाकडे येऊं. जोसेफ सालढाणा यांनीं १९०७ त मंगळुरास छापलेल्या रोमन पाठांत स्वर्गास ‘वैकुंठ’ म्हणावयास कवि कचरत नाहीं, पण बाप्तिस्म्यास पोर्तुगीज शब्दच ठेवितो. याचें कारण आम्हांस असें दिसतें : जो श्रोता रोज उठून स्नान करतो, ग्रहणास करतो, सुतकानंतर करतो, त्यास ‘स्नान’ म्हटल्यानें आणखी एका स्नानाचीच भर पडली असती. तामिळ कॅथॉलिकांनीं मात्र ‘ज्ञानस्नान’ हा शब्द पत्करला. हा प्रश्न क्षुल्लक नव्हे. बाप्टिस्ट मंडळींच्या बंगाली नव्या करारांत या क्रियेस बुडविण्याच्या अर्थाचा शब्द घातला, म्हणून बायबल सोसायटीनें साहाय्य नाकारलें, आणि अखेर १८४० त त्यांस निराळी भाषांतर-संस्था काढावी लागली. मराठी बायबलांत ‘बाप्तिस्मा’ हाच शब्द राहिला.

परंतु आमच्या अनुमानास एक मोठी अडचण आहे. लंडन येथील मार्सडेन संग्रहांतील देवनागरी पोथींत पोर्तुगीज शब्दांच्या जागीं संस्कृत वळणाचे शब्द येतात. डॉ. जस्टिन ॲबट यांनीं या पोथीकडे लक्ष वेधलें. तीच मूळ परंपरा असेल तर परकी शब्द कवीनें नव्हे, छपाईपूर्वीं दुसऱ्या कोणीं घातले असें होईल, आणि वरील तर्क ढांसळेल. उलट, परका शब्द काढून ओळखीचा घालण्याकडे लेखकूंचा कल असतो, हा पाठचिकित्सेंतील नित्याचा अनुभव. म्हणून सध्यां आमचें मत रोमन पाठाकडे झुकतें. १९५६ त शांताराम बंडेलू यांनीं पुण्यास देवनागरी आवृत्ति काढून मराठी वाचकांवर उपकार केले. पण एवढ्यानें हा वाद मिटत नाहीं. त्यासाठीं शब्दागणिक पाठभेद हवेत.

१६१६, १६४९ व १६५४ या तिन्ही छापील आवृत्त्यांची एकही प्रत ठाऊक नसल्यानें सारा भार हस्तलिखितांवर आहे. गोवा, कारवार वा मंगळुराकडील जुनी प्रत ज्यांच्या संग्रहीं असेल, त्यांनीं दुसऱ्या पुराणांतील योहानाकडून येशूच्या बाप्तिस्म्याचा प्रसंग काढावा, व तेथें हा शब्द कसा लिहिला आहे तें, पृष्ठाच्या कडेला खाडाखोड असल्यास तीसह, जसेंच्या तसें उतरून मंडळाकडे पाठवावें.