पावसाळी निसर्गचित्र आणि चौकटीच्या चार कडा

महाराष्ट्रात निसर्गाचे छायाचित्र म्हणजे बहुतांशी पावसाळ्याचे छायाचित्र, असा आता जवळजवळ शिरस्ताच पडून गेला आहे. आणि त्यात गैर असे काही नाही, कारण वर्षाचे सात-आठ महिने वाळल्या गवताखाली निपचित पडून राहणारा सह्याद्री मृगाच्या पहिल्या सरींपासून हस्ताच्या अखेरच्या गडगडाटापर्यंतच काय तो खऱ्या वैभवाने नांदतो. श्रावणातल्या रविवारी ताम्हिणी, माळशेज, आंबोली, ठोसेघर या वाटांवर मोटारींची जी रांग लागते, तीत छत्री विसरलेला गृहस्थ एखादा सापडेल. कॅमेरा, निदान कॅमेऱ्याचा फोन, विसरलेला मात्र सापडावयाचा नाही. साधनांच्या बाबतीत तक्रारीला जागा उरलेली नाही. भिंगावर बुरशी चढेल या धास्तीने जून ते सप्टेंबर कॅमेरा सिलिका जेलच्या पुड्यांसह कपाटात बंद करून ठेवण्याचा काळ गेला; पाण्याच्या शिंतोड्यांना न जुमानणारी आणि अंधुक उजेडातही तपशील टिपणारी यंत्रे आता हौशी माणसाच्याही आवाक्यात आली. एवढी अनुकूलता असताना या चित्रांचा एकंदर दर्जा मात्र जेथल्या तेथेच राहिला आहे, असे माझे मत आहे. आणि त्याचे कारण मला चौकटीच्या कडांविषयी आपण बाळगलेल्या बेफिकिरीत दिसते.

हे विधान थोडे उलगडून सांगितले पाहिजे. उन्हात घेतलेल्या चित्राची अर्धी रचना सूर्यच करून देतो: डोंगराची एक बाजू उजळते, दुसरी काळवंडते, झाडाच्या सावलीची तिरकी रेघ नजरेला आत घेऊन जाते, आणि छायाचित्रकाराने कडांकडे दुर्लक्ष केले तरी चित्र मधोमध आपल्या पायांवर उभे राहते. ढगाळ दिवशी सगळे आकाश हाच एक अवाढव्य दिवा होतो, प्रकाश चोहोबाजूंनी सारखा झिरपतो, सावली नाहीशी होते, आणि तिच्याबरोबर चित्राच्या अंतर्भागातला तो आपोआप मिळणारा सांगाडाही नाहीसा होतो. मग वस्तूंना वजन येते ते कशामुळे? कडेपासूनच्या अंतरामुळे. काळा कडा डाव्या कडेला किती चिकटला, धुके वरच्या कडेपर्यंत किती पसरले, ओढा खालच्या कडेतून कोठे बाहेर पडला, यांवरच सगळा तोल ठरतो. पावसाळी चित्रात चौकटीची कड सावलीचे काम करते. आणि म्हणूनच तेथे क्रॉप करणे, म्हणजे चित्राची छाटणी, ही मागाहूनची डागडुजी न राहता रचनेचेच एक अंग बनते.

पांढऱ्या रिकाम्या आकाशाची अडचण आजकालची नव्हे. सॅम्युएल बोर्न १८६३ मध्ये हिंदुस्थानात आला आणि त्याने हिमालयाची अजोड चित्रे घेतली, ती ओल्या कलोडियनच्या काचेवर. ती काच निळ्या प्रकाशाला इतकी हळवी असे, की जमीन नीट उमटेपर्यंत आकाश जळून कोरे पडत असे. (काच ओली असेपर्यंतच सगळा व्यवहार उरकावा लागे, हवाही ओली असावी, एवढी हौस त्या काळी कोणाला परवडण्यासारखी नव्हती.) फ्रान्समध्ये गुस्ताव्ह ल ग्रे याने त्याच्या काही वर्षे आधीच समुद्राची चित्रे घेताना यावर तोड काढली: पाण्याची एक निगेटिव्ह, ढगांची दुसरी, आणि दोहोंचा मिळून एक प्रिंट. आजच्या संगणकावर एका कळीसरशी चित्रात पराये ढग आणून बसवणाऱ्या तरुणांना आपण काही नवे पाप करीत आहोत असे वाटत असेल, तर त्यांनी निर्धास्त असावे.

छाटणीला कलाकर्माचा दर्जा देणारा पहिला मोठा माणूस म्हणून मी आल्फ्रेड स्टिग्लिट्झचे नाव घेईन. १८९३ च्या फेब्रुवारीत न्यूयॉर्कच्या फिफ्थ ॲव्हेन्यूवर हिमवादळात तीन तास ताटकळून त्याने घोडागाडीचे जे विख्यात चित्र घेतले, ते मूळ निगेटिव्हवर आडवे होते. दोन्ही बाजूंचा पसारा निर्दयपणे कापून त्याने ते उभे केले, आणि वादळाला त्यामुळेच खोली आली. हाती धरण्याच्या कॅमेऱ्याविषयी लिहिताना आपले प्रिंट निगेटिव्हच्या लहानशा भागातून काढलेले असतात, हे त्याने उघडपणे कबूल केले आहे. याच्या उलट टोकाला आंरी कार्तिए-ब्रेसाँ. चित्र घेताना चौकट जी ठरली ती ठरली, पुढे तिला हात लावणे नाही, असा त्याचा दंडक. तरीही पॅरिसच्या सां-लाझार स्थानकामागे साचलेल्या पाण्यावरून उडी मारणाऱ्या माणसाचे त्याचे १९३२ चे चित्र छाटलेलेच आहे, कारण कुंपणाच्या फळ्यांमधून भिंग घालताना फळीचा भाग चौकटीत आला होता. यावरून त्याच्या दंडकाची थट्टा करण्याचा मोह अनेकांना होतो. मला वाटते, एवढ्या प्रचंड कामगिरीत एकदोनच अपवाद सापडावेत, हा त्या दंडकाच्या बाजूचा दाखला आहे.

पण पाऊस चौकटीत कसा बसवावा, हे शिकावयाचे तर छायाचित्रांपेक्षा चित्रकारांकडे जावे. हिरोशिगेने १८५७ मध्ये एदो शहरातल्या ओहाशी पुलावर अवचित कोसळलेल्या सरीचा जो ठसा काढला, तो डोळ्यांसमोर धरून पाहावा. चौकट उभी, वरच्या कडेला काळ्या ढगाची पट्टी, खाली पिवळसर लाकडी पुलावर छत्र्या आणि गोणपाटे सावरीत पळणारी माणसे, मागे नदीत एकटाच तराफेवाला, आणि पलीकडचा किनारा नुसता करडा, तोही तिरका. पावसाच्या रेघा बारीक, सरळ आणि दोन किंचित निराळ्या कोनांत. पुलाचे एक टोक कडेने कापले आहे, म्हणजे माणसे कोठून आली आणि किती भिजली, याचा हिशेब प्रेक्षकानेच करावयाचा. व्हान गॉगने १८८७ मध्ये याची तैलरंगात नक्कल केली तेव्हा त्याचा कॅनव्हास निराळ्या प्रमाणाचा होता. त्याने मूळ चित्र ताणले नाही किंवा कापले नाही, उरलेल्या जागेत जपानी अक्षरांची किनार रंगवून टाकली. दुसऱ्याच्या चौकटीचा एवढा मुलाहिजा आज कोण ठेवतो?

आपल्याकडच्या पहाडी आणि राजस्थानी लघुचित्रकारांनाही हे मर्म ठाऊक होते. पावसाची पांढरी रेघ ते गडद निळ्या मेघावर काढीत आणि त्याच मेघापुढून बगळ्यांची माळ नेत. भौतिकशास्त्राच्या दृष्टीने हे बिनचूक आहे. पावसाचा टपोरा थेंब सेकंदाला सुमारे ९ मीटर वेगाने खाली येतो. १/६० सेकंदात त्याची रेघ १५ सेंटीमीटर लांब उमटते, १/५०० सेकंदात २ सेंटीमीटरांहूनही कमी. परंतु ती रेघ दिसावयाची असेल तर मागे काळोखी हवी: झाडी, ओला कातळ, देवळाचे दार. पांढऱ्या आभाळापुढे पडणारा पाऊस कॅमेऱ्यापुरता पडतच नाही. कितीतरी भर पावसात काढलेली चित्रे पाहताना नुसता मळभ आलेला दिवस वाटतो, त्याचे कारण एवढेच. आणि तो दोष मागाहून कोणत्याही छाटणीने निघत नाही. तेथे चार पावले बाजूला सरकणे हाच उपाय.

सह्याद्रीची गोष्ट आणखी निराळी आहे. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचे थर एकावर एक साचून हे डोंगर झाले, त्यामुळे त्यांचे कडे आडव्या पट्ट्यांचे. पावसात बेसॉल्ट काळाकुळकुळीत होतो, पट्ट्यांच्या पायऱ्यांवर हिरवळ धरते, आणि त्या आडव्या रेघांना छेदीत पाण्याच्या पांढऱ्या उभ्या धारा उतरतात. रचनेचे इतके सोपे आणि इतके उदात्त सूत्र निसर्गाने क्वचित कोठे मांडून ठेवले असेल. पण या सूत्राचा तिसरा घटक म्हणजे धुके, आणि आपली सारी फजिती होते ती तेथे. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर दरीतून धुके चढू लागले की कड्याचा अंतर्वक्र कंगोरा अर्धा दिसतो, अर्धा लोपतो; त्या लोपण्यातच त्याची भीषणता असते. आमचे छायाचित्रकार घरी येऊन धुके पुसण्याची सोय असलेली कळ दाबतात, आणि कडा तळापासून माथ्यापर्यंत, प्रत्येक भेगेसकट, पंचनाम्यातल्या मुद्देमालासारखा हजर होतो. त्यावर हिरव्या रंगाची मात्रा वाढवितात ती वेगळीच. असा हिरवा रंग सह्याद्रीत मी तरी कोठे पाहिलेला नाही. ध्रुवीकरण फिल्टरचेही तसेच आहे. ओल्या पानावरची आणि खडकावरची चकाकी तो कापतो, रंग गडद करतो, हे खरे. पण ओलेपणा डोळ्यांना कळतो तो त्या चकाकीमुळेच. फिल्टर पुरता फिरविला की पावसातला खडक नुकताच रंग दिलेला वाटतो. तो अर्धाच फिरवावा, हे जाणकार सांगतात, आणि कोणी ऐकत नाही.

एक चित्र जवळून पाहू. एका तरुण कलावंताने मला नाणेघाटाचे एक चित्र दाखविले. पठाराची कड, खाली कोकण, आणि घाटमाथ्यावरून कोसळणारा ओहोळ वाऱ्याने उलटा वर फेकलेला, ज्यासाठी ही जागा अलीकडे गाजली आहे. मूळ चौकटीत वरचा दोन-पंचमांश भाग कोरा पांढरा होता. उजव्या कोपऱ्यात जीवधनच्या किल्ल्याची पुसट रेषा, आणि खाली पुढ्यात खडकावरच्या डबक्यात आभाळाचा झगझगीत तुकडा. ‘वर काही नाही’ म्हणून त्याने वरचे आभाळ छाटले होते. परिणाम असा झाला की वर उसळणारे पाणी चौकटीच्या कडेवर आपटून तेथेच थांबले. जीवधन गेला तो गेलाच. मी त्याला डार्करूममधली जुनी युक्ती करून दाखविली: काटकोनात कापलेले पुठ्ठ्याचे दोन तुकडे मूळ प्रिंटवर ठेवून ते हळूहळू सरकवावयाचे. खालची पुठ्ठ्याची कड चार बोटे वर आणताच डबके नाहीसे झाले, आणि नजर जी सारखी त्या चकाकत्या ठिगळाकडे घसरत होती, ती पाण्याबरोबर वर चढून पांढऱ्यात विरली व फिरून किल्ल्याच्या रेषेवर टेकली. वरचे ‘काही नाही’ हेच त्या चित्राचे अर्धे बळ होते. सपाट उजेडाच्या चित्रात डोळा सर्वांत उजळ जागेकडे धावतो, हे एकदा ध्यानात आले म्हणजे काय कापावे, यापेक्षा कोठून कापावे हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. कोपऱ्यात सांडलेला पांढरा त्रिकोण काढावा. मधोमध पसरलेले पांढरे मैदान राखावे.

आता चौकटीच्या आकाराविषयी. जुन्या ३५ मिलिमीटर फिल्मने २४ × ३६ चे प्रमाण लावून दिले, रोलाइफ्लेक्सने चौकोन दिला. दोन्ही आकार यंत्राने लादलेले, पण एकदा पत्करले की निदान स्थिर होते. आज चित्राचा आकार ते ज्या पडद्यावर दिसावयाचे त्याच्या हुकमाने ठरतो: कोठे ४:५, कोठे फोनभर उभे ९:१६. धबधब्याला हा उभा आकार मानवतो, हे प्रांजळपणे म्हटले पाहिजे. पण आषाढी वारीत ज्ञानेश्वर महाराजांची पालखी दिवे घाटाची वळणे चढते, तेव्हाच्या चित्राचा जीव त्या वळणांच्या लांबीत असतो. भगव्या पताकांची ती ओली, वळत गेलेली रेघ उभ्या पडद्यासाठी कापली म्हणजे घाट जातो, चाल जाते, आणि उरते ती गर्दी. एकच चित्र तीन आकारांत कापून तीन ठिकाणी धाडण्याची जी रीत पडली आहे, तिला मी रचना म्हणणार नाही. ती बटवड्याची सोय आहे. शिवाय छाटणीला अंकगणिताची मर्यादाही आहे. ६००० × ४००० बिंदूंच्या चित्राच्या दोन्ही बाजू निम्म्या केल्या की २ कोटी ४० लाखांचे ६० लाख बिंदू उरतात, इंचाला ३०० या हिशेबाने प्रिंट १० इंच रुंदीचा निघतो. आणि धुक्याच्या नाजूक करड्या छटांमध्ये दाणा सर्वांआधी दिसू लागतो. उन्हातले चित्र ही कापाकापी सोसते, पावसातले सोसत नाही.

हे सर्व लिहिताना पावसाच्या चित्रांतला सत्यासत्याचा जुना वाद मी मुद्दाम बाजूला ठेवला आहे. ब्रायन ब्रेक या न्यूझीलंडच्या छायाचित्रकाराची भारतीय मॉन्सूनवरील चित्रमाला १९६१ मध्ये ‘लाइफ’मध्ये आली, तिच्यातल्या तोंडावर पावसाचे थेंब झेलणाऱ्या मुलीने, पुढे विख्यात झालेल्या अपर्णा सेन यांनी, ते थेंब कलकत्त्याच्या गच्चीवर झारीतून झेलले होते. चित्राची चौकट इतकी घट्ट आहे की झारी, शिडी, गच्ची यांपैकी काहीच तिच्यात शिरत नाही. छाटणी खोटेही सांगू शकते, हे या उदाहरणावरून कबूल करून पुढे जावे. निसर्गचित्रात तो धोका लहान, धांदरटपणाचा धोका मोठा.

जागतिक छायाचित्रण दिन १९ ऑगस्टला, म्हणजे ऐन पावसाळ्यात येतो, आणि त्या निमित्ताने गावोगावच्या मंडळांची प्रदर्शने व स्पर्धा भरतात. संयोजकांस माझी एकच विनंती आहे: निसर्गचित्राच्या विभागात प्रत्येक स्पर्धकाकडून छाटलेल्या चित्राबरोबर मूळ अखंड चौकटीचा एक लहान प्रिंटही मागवावा, आणि दोन्ही शेजारी शेजारी टांगावेत. खर्च जुजबी आहे, आणि परीक्षकांचे कामही त्याने सोपे होईल.