शूमानचा ‘भविष्यवेत्ता पक्षी’

निसर्गाच्या आवाजांचें संगीतांत अनुकरण करणें सोपें. निसर्गापुढें मनाची जी अवस्था होते ती स्वरांत उतरविणें कठीण. रॉबर्ट शूमान या जर्मन संगीतकाराची ‘भविष्यवेत्ता पक्षी’ ही पियानोवरील चिमुकली रचना दुसऱ्या प्रकारांत मोडते, असें आमचें मत आहे. १८४८-४९ च्या हिवाळ्यांत ड्रेस्डेन येथें लिहिलेल्या ‘वनदृश्यें’ या नऊ रचनांच्या मालिकेंतील ही सातवी होय.

प्रारंभीं एक विसंवादी स्वर किंचित् रेंगाळतो; लगेच अतिसूक्ष्म स्वरांची एक झेप वर जाते, आणि मग स्तब्धता. पुन्हां झेप, पुन्हां स्तब्धता. पक्ष्याचा आवाज ऐकूं येतो खरा. पण रचनेचा प्राण त्या स्तब्धतेंत आहे. अरण्यांत पक्षी बोलून थांबला म्हणजे आपण कान देऊन उभे राहतों, तसेंच हें वाट पाहणें आहे. पियानोवर मींड निघत नाहीं, छेडलेला स्वर विरत जातो, हें त्या वाद्याचें न्यून आपल्याकडील रसिकांस खटकतें. शूमाननें येथें त्या न्यूनाचेंच भूषण केलें आहे.

मध्यभागीं जी-मायनरच्या जागीं जी-मेजर येतें आणि प्रार्थनागीतासारखे संथ, भरदार सूर उमटतात. जणूं कोणी माणूस धीर देऊं लागतो. हा भाग उपरा वाटतो, असा आक्षेप घेतां येईल. परंतु तें सांत्वन पुरें होण्यापूर्वींच पक्षी आपले पहिलेच बोल जवळजवळ जसेच्या तसे बोलूं लागतो. माणसाच्या शब्दानें त्याच्यांत कांहींच पालट झालेला नसतो. मधला भाग उपरा नसता, तर अरण्याचें हें औदासीन्य आपणांस जाणवलेंच नसतें.

शूमाननें आरंभीं या रचनेच्या माथ्यावर आयखेनडॉर्फ या कवीची, सावधगिरीचा इशारा देणारी एक ओळ घातली होती. छापतांना ती गाळली. हें योग्यच झालें. ती राहती, तर श्रोता धोका कोणता याचाच शोध घेत बसला असता. आतां भाकीत ऐकूं येतें, अर्थ मात्र कळत नाहीं. रात्रीं एकट्यानें पिंगळ्याचा बोल ज्यानें ऐकला आहे, त्याला ही हुरहूर परकी वाटणार नाहीं.

वादकानें मात्र विरामांची घाई करूं नये. ही रचना नुसत्या किलबिलाटासारखी वाजविली, तर पक्षी उरेल. भविष्यवेत्ता उडून जाईल.