दिवसभराचा रेडिओ आणि विज्ञानाची दहा मिनिटे

डोंबिवलीतल्या आमच्या दोन खोल्यांच्या घरात १९८० च्या दशकात एकच रेडिओ होता. तो स्वयंपाकघरातल्या फळीवर असे आणि सकाळी लागला की दुपारची विश्रांती सोडल्यास रात्रीपर्यंत चालू राही. भक्तिगीते, बातम्या, 'वनिता मंडळ', 'कामगार सभा', 'गंमत जंमत', नाट्यसंगीत, 'आपली आवड'. यांतला कोणता कार्यक्रम कोणासाठी आहे याचा विचार घरात कोणी करत नसे. आई भाजी निवडताना 'कामगार सभा' ऐके आणि सुट्टीत घरी असलेला मी 'वनिता मंडळ' ऐके. न मागितलेले बरेच काही कानावर पडे.

अशा आठवणी गोड वाटतात, पण शिक्षकांनी त्यांच्याकडे थोडे चिकित्सक नजरेने पाहावे. रेडिओचा दिवस हे अखेर एक वेळापत्रकच असते. कोणत्या विषयाला किती वेळ आणि तो कोणासाठी, हे त्यात कोणीतरी ठरवलेले असते.

मुंबईचे नभोवाणी केंद्र २३ जुलै १९२७ रोजी सुरू झाले. पुढे दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनमध्ये बीबीसीने १९४५-४६ मध्ये आपले कार्यक्रम तीन प्रवाहांत विभागले : सर्वसाधारण, हलकेफुलके आणि अभिजात. ही विभागणी श्रोत्यांच्या अभिरुचीनुसार होती. आपल्याकडे ती मुख्यतः भाषा आणि व्यवसाय यांनुसार झाली : कामगार, शेतकरी, महिला, बालके. १९५० च्या दशकात सिनेसंगीतासाठी श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले, तेव्हा ३ ऑक्टोबर १९५७ रोजी 'विविध भारती' सुरू झाली. श्रोते परत आले, हा लाभ खराच. परंतु गाण्यांसाठी वेगळी वाहिनी मिळाल्यामुळे, दोन गाण्यांच्या मध्ये एखादे भाषण अवचित ऐकण्याची शक्यताही कमी झाली.

या कप्प्यांत विज्ञान कोठे होते? त्यालाही एक कप्पा मिळाला : दहा मिनिटांचे भाषण. मी लहानपणी ऐकलेल्या अशा बऱ्याच भाषणांत लिहून आणलेली माहिती वाचली जाई. शोध कोणी लावला, केव्हा लावला, त्याचे उपयोग कोणते. मात्र ते खरे कशावरून, आणि ते कोणाला मान्य नव्हते, हे क्वचितच येई.

याउलट एक उदाहरण पाहा. २८ मार्च १९४९ रोजी फ्रेड हॉयल यांनी बीबीसीच्या अभिजात प्रवाहावर भाषण दिले. विश्व एका क्षणी महास्फोटातून जन्मले, ही कल्पना त्यांना मान्य नव्हती. ती समजावून देताना त्यांनी वापरलेला 'बिग बँग' हा शब्द पुढे जगभर रूढ झाला. हॉयल यांचा स्थिर विश्वाचा सिद्धान्त पुढील निरीक्षणांपुढे टिकला नाही. तरीही त्या भाषणातून श्रोत्यांना विज्ञानातला वाद ऐकायला मिळाला, निव्वळ निष्कर्ष नव्हे. जयंत नारळीकर हे याच हॉयल यांचे विद्यार्थी.

मला अधिक खटकते ती गोष्ट घरातलीच आहे. दिवसा आमच्या रेडिओवर मध्यम लहरींवर मुंबई स्पष्ट लागे. सूर्यास्तानंतर त्याच पट्टीवर दूरदूरची केंद्रे कुजबुजू लागत. असे का होते, हे मला तेव्हा कोणी सांगितले नाही. सुमारे ६० ते ९० किलोमीटर उंचीवरील वातावरणाचा आयनीभूत थर दिवसा या लहरी शोषून घेतो. सूर्यप्रकाश गेला की तो थर विरतो आणि लहरी आणखी वरच्या थरांवरून परावर्तित होऊन शेकडो किलोमीटरवर उतरतात. विज्ञानाचा सर्वांत चांगला पाठ त्या खोक्यातच रोज संध्याकाळी चालू होता. तो कोणाच्याच वेळापत्रकात नव्हता.

कप्पे मोडण्याचा एक प्रयत्न मात्र महाराष्ट्रातच झाला. १९५६ मध्ये युनेस्कोच्या मदतीने पुणे केंद्राने पाच जिल्ह्यांतील सुमारे १५० गावांत श्रोता मंडळे स्थापली. आठवड्यातून दोनदा, असे वीस कार्यक्रम झाले. गावकरी एकत्र बसून ऐकत, मग चर्चा करत आणि आपले प्रश्न केंद्राकडे पाठवत. पुढील कार्यक्रमांत त्यांची उत्तरे दिली जात. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने या प्रयोगाची पाहणी केली, तेव्हा मंडळे असलेल्या गावांत माहितीची वाढ अन्य गावांपेक्षा जास्त आढळली. प्रश्न परत पाठवण्याची सोय असली की तोच रेडिओ वेगळा ठरतो.

आज ठाणे-कल्याण मार्गावरील लोकलमध्ये प्रत्येकाच्या कानात त्याने स्वतः निवडलेला आवाज असतो. त्यात आवडीचे सर्व मिळते. नावडते किंवा अनोळखी असे काही वाट्याला येत नाही. जुना रेडिओ परत आणून हे सुटणार नाही. पण शाळेच्या वेळापत्रकात आठवड्यातून अर्धा तास आपण काढू शकतो : मुलांनी न निवडलेले काही एकत्र ऐकावे, त्यावर बोलावे आणि उरलेले प्रश्न लिहून फळ्याच्या कोपऱ्यात आठवडाभर राहू द्यावेत. जुना ट्रान्झिस्टर मिळाला, तर पहिला प्रश्न सूर्यास्ताला त्याची पट्टी फिरवूनच मिळेल.